अठ्ठावन्नची लीग आणि आपला स्पोर्ट्स कोटा

कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ साली सुरू झाली. पहिली छत्तीस वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचा आणि साहेबांच्या क्लबांचा ताबा होता. १९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकून ही मक्तेदारी मोडली. त्या वर्षापासून २०१८ सालापर्यंतच्या विजेत्यांची यादी कोणी समोर ठेवली तर तीत तीनच नावे आलटून पालटून येतात : मोहन बागान, ईस्ट बेंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग. पंच्याऐंशी वर्षांच्या या यादीत चौथे नाव एकदाच येते. वर्ष १९५८ आणि नाव ईस्टर्न रेल्वे.

म्हणजे आपले नाव. ज्या रेल्वेत आपण पॉइंट्स फिरवतो, तिकिटे फाडतो, रूळ तपासतो, त्या रेल्वेच्या नोकरांनी त्या वर्षी कलकत्त्याच्या तिन्ही बड्या क्लबांना मागे टाकले. आपल्या फेडरेशनच्या सभांमधून बोनसचा, वेतन आयोगाचा, १९७४ च्या संपाचा इतिहास सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण अठ्ठावन्नच्या लीगबद्दल मी एकाही व्यासपीठावरून कधी ऐकलेले नाही. खेळ म्हणजे वेल्फेअर इन्स्पेक्टरच्या खात्यातली बाब, युनियनचा त्याच्याशी काय संबंध, अशी आपली समजूत आहे. माझे मत याच्या उलट आहे. ती लीग कशी जिंकता आली हे नीट पाहिले तर त्यात युनियनचाच विषय सापडतो.

आधी एका शंकेचे उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल, रेल्वे हा लहान संघ कसा? देशात एवढी माणसे कामाला ठेवणारे खाते दुसरे कोणते आहे? प्रश्न बरोबर आहे. पण फुटबॉलच्या मैदानात ताकद मोजायची रीत वेगळी असते. मोहन बागानची स्थापना १८८९ ची, ईस्ट बेंगालची १९२० ची. या क्लबांच्या मागे हजारो वर्गणीदार सभासद, जमीनदार, व्यापारी, बॅरिस्टर आणि पुढे मंत्रीसुद्धा उभे राहिले. ईस्ट बेंगालच्या मागे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या लाखो निर्वासितांचे काळीज होते. मोहमेडनच्या मागे एक अख्खा समाज होता. कोलकात्याचे मैदान हे लष्कराच्या ताब्यातले, तिथे क्लबांचे तंबू असतात. पण ज्याचा तंबू मोठा त्याची गॅलरी मोठी, आणि ज्याची गॅलरी मोठी त्याच्यापुढे पंचाची शिट्टीही जरा जपूनच वाजते. रेल्वेच्या संघाच्या मागे काय होते? फेअरली प्लेसच्या कचेरीतले कारकून, सियालदह-हावड्याचे तिकीट तपासनीस आणि कामाची पाळी संपवून मैदानावर आलेले काही फिटर. त्यांच्या पराभवावर कोलकात्यात कोणाच्या घरी चूल बंद राहत नव्हती.

मोठे क्लब हे जन्मापासून मोठे होते असेही नाही. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. सुधीर चॅटर्जी एकटे बूट घालून होते. तो खरोखरच लहानाने मोठ्यावर मिळवलेला विजय होता आणि म्हणूनच त्याची गणना स्वातंत्र्यलढ्यात होते. तरीही लीगच्या पहिल्या विभागात दोनच देशी संघ खेळतील असा नियम त्यानंतरही बरीच वर्षे राहिला. १९२५ साली ईस्ट बेंगालला वर येण्याची वेळ आली तेव्हा तो नियम मोडावा लागला. मैदानावर हरवता येत नसेल तर कागदावर अडवायचे ही युक्ती जुनी आहे. पुढे एका ठिकाणी ती पुन्हा भेटेल.

आता १९५८ कडे वळू. ईस्टर्न रेल्वे हा विभाग १९५२ साली झाला. त्याआधीच्या बंगाल-आसाम रेल्वेच्या संघाने १९४४ साली मोहन बागानला २-० असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. म्हणजे रेल्वेला फुटबॉलची परंपरा होती. पण शील्ड ही बाद पद्धतीची स्पर्धा. चार-पाच दिवस नशीब उघडले की तीत कोणीही वर येतो. लीग वेगळी. पावसाळाभर, चिखलात, एकामागून एक सामने. जो दमला, जखमी झाला, ज्याच्याकडे राखीव खेळाडू नाहीत तो मागे पडतो. म्हणून लीगमध्ये बहुतेक वेळा पैसा जिंकतो. अठ्ठावन्न साली तो जिंकला नाही. संघाचे प्रशिक्षक होते बाघा सोम, हाताखालच्या पोरांकडून घाम गाळून घेणारा माणूस. आघाडीला उजव्या बगलेवर होते पी. के. बॅनर्जी, आणि त्यांच्याबरोबर निखिल नंदी. हे दोघेही १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळून आलेले. त्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो होतो. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले ते तिथेच. आज हे सांगितले तर तरुण पोरांना थट्टा वाटते.

आता प्रश्न असा की ऑलिंपिक खेळलेला माणूस रेल्वेच्या संघात का राहिला? त्या काळात भारतीय फुटबॉलमध्ये तीन नावे एका दमात घेतली जात : पी. के., चुनी आणि बलराम. चुनी गोस्वामी मोहन बागानचे, आयुष्यभर. तुलसीदास बलराम हैदराबादहून आले आणि ईस्ट बेंगालचे झाले. पी. के. १९५४ साली आर्यन या जुन्या पण लहान क्लबात आले, १९५५ साली ईस्टर्न रेल्वेत गेले आणि १९६७ पर्यंत तिथेच राहिले. १९६० च्या रोम ऑलिंपिकला ते भारताचे कर्णधार होते, फ्रान्सविरुद्ध बरोबरीत सुटलेल्या सामन्यातला भारताचा गोल त्यांचा. १९६१ साली अर्जुन पुरस्कार. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आपण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक जिंकले, त्यातला एक गोल त्यांचा. अशा माणसाला मोहन बागान किंवा ईस्ट बेंगालचे दार बंद असणे शक्य नव्हते. खेळाडू म्हणून ते त्या दारातून कधीच आत गेले नाहीत. (पुढे दोन्ही क्लबांना प्रशिक्षक म्हणून त्यांनी भरभरून जिंकून दिले ही गोष्ट निराळी. धाकटे भाऊ प्रसून मोहन बागानकडून गाजले आणि हावड्याचे खासदार झाले.)

माणसाच्या मनातले कारण आपण बाहेरून सांगू नये. पण त्या वेळची व्यवस्था कशी होती हे सांगता येते. तेव्हा फुटबॉल हा कागदोपत्री हौशी खेळ होता. क्लबांना उघडपणे पगार देता येत नसे. मोठे क्लब द्यायचे ते टेबलाखालून : हातखर्च, एखाद्या हितचिंतकाच्या कंपनीत नावाची नोकरी, सणाला कपडे. दर वर्षी हंगामाआधी आय.एफ.ए.च्या कचेरीत सही करून क्लब बदलायची सोय होती, आणि त्या दिवसांत खेळाडूला पळवून नेऊन गुप्त जागी ठेवण्याचे किस्से कोलकात्यात आजही चवीने सांगतात. म्हणजे खेळाडूची किंमत होती, पण त्याचा हक्क कुठेच लिहिलेला नव्हता. पाय मोडला की हितचिंतक दिसेनासा होई. रेल्वेने काय दिले? कायम नोकरी, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, रेल्वेचे हॉस्पिटल, पास, क्वार्टर, आणि साठीकडे झुकल्यावर पेन्शन. रक्कम थोडी असेल, पण ती टेबलावर होती आणि पाय मोडला तरी चालू राहत होती. या एकाच गोष्टीच्या जोरावर रेल्वेला धनदांडग्या क्लबांसमोर आपली माणसे धरून ठेवता आली.

याचा फायदा ईस्टर्न रेल्वेलाच झाला असे नाही. आमच्या नागपूर, गोंदिया भागातल्या जुन्या माणसांना गार्डन रीच हे नाव वेगळे सांगायला नको. आमचा विभाग २००३ पर्यंत साउथ ईस्टर्न रेल्वेत होता; बदलीचा हुकूम, बढतीची यादी, शिक्षेचे अपील, सगळे कोलकात्याच्या त्या गार्डन रीचहून येई. त्याच गार्डन रीचचा संघ बी.एन.आर. या जुन्याच नावाने, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे या नावाने, खेळत असे. नावात नागपूर असलेल्या या संघाने १९६४ साली मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. बलरामसुद्धा ईस्ट बेंगाल सोडल्यावर बी.एन.आर.मध्येच आले. संतोष ट्रॉफी ही राज्यांची स्पर्धा, तीत रेल्वे १९६१, १९६४ आणि १९६६ अशी तीन वेळा पहिली आली. मुंबईतही तेव्हा कंपन्यांच्या आणि खात्यांच्या संघांचा जोर होता. अठ्ठावन्न सालीच रोव्हर्स चषक मुंबईच्या कॅलटेक्सने जिंकला होता. तो काळच नोकरी करून खेळणाऱ्यांचा होता.

आता घरातल्या भांडणाकडे येतो, कारण त्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. आपल्या प्रत्येक शाखेत खेळाडू कर्मचाऱ्यांविरुद्ध कुरकुर असते. तक्रार खोटी नाही. एका स्टेशनवर बुकिंगला सहा जणांचा रोस्टर, त्यातला एक खेळाडू. तो सरावाला गेला, स्पर्धेला गेला, स्पेशल सी.एल.वर गेला, की उरलेल्या पाच जणांच्या साप्ताहिक सुट्ट्या जातात. वर त्याला आउट ऑफ टर्न प्रमोशन मिळते आणि सिनिऑरिटी लिस्टमध्ये बारा वर्षे आधी लागलेला माणूस त्याच्या खाली जातो. आमच्या शाखेच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदाने उभे राहून विचारले होते, "साहेब, आम्ही गाडी वेळेवर सोडली त्याचे मेडल कुठे मिळते?" सभेत टाळ्या पडल्या. मला उत्तर देताना घाम फुटला होता, पण उत्तर दिले आणि आजही तेच देईन.

खेळाडू खेळायला गेला म्हणून पाच जणांवर ताण येत नाही. सहाच्या जागी आठ मंजूर असताना दोन पदे रिकामी ठेवल्यामुळे ताण येतो. खेळाडूची जागा ही मंजूर पदसंख्येच्या वर धरली पाहिजे, ही मागणी आपण कधी जोर लावून केली नाही. केली असती तर हे भांडण लागलेच नसते. प्रशासनाला हे भांडण सोयीचे आहे. गँगमन आणि खेळाडू एकमेकांकडे डोळे वटारून पाहत राहिले की रिकाम्या जागांकडे कोणाचे लक्ष जात नाही. २०२३ साली सरकारनेच संसदेत सांगितले की रेल्वेत सुमारे अडीच लाख जागा रिकाम्या आहेत. तेव्हा सुट्टी कोणी खाल्ली याचा शोध बुकिंग खिडकीत घेण्याऐवजी दिल्लीत घ्यावा. प्रमोशनबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. राष्ट्रीय पातळीवर पदक आणणाऱ्याला वर नेण्यात गैर नाही. पण साहेबांच्या मर्जीतल्या, जिल्हा पातळीच्या पुढे न गेलेल्या माणसाला खेळाच्या नावाखाली खुर्चीत बसवण्याचे प्रकार होतात, आणि ते युनियनने उघडे पाडलेच पाहिजेत. त्यात खऱ्या खेळाडूचेच नुकसान आहे.

कायम नोकरीचे मोल कळायला केरळकडे पाहावे. केरळ पोलिसांचा संघ १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. साधे पोलीस शिपाई, त्यांनी देशातल्या नामवंत क्लबांना हरवले. त्यात आय. एम. विजयन होता. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोड्याच्या बाटल्या विकणारा पोरगा, त्याला पोलिसांनी नोकरी दिली. १९९१ साली मोहन बागानने त्याला नेले. तोवर काळ बदलला होता, पैसा टेबलाखालून वर आला होता, आणि शिपायाचा पगार त्याच्यापुढे टिकणारा नव्हता. विजयन गेला यात त्याचा दोष नाही. कामगाराने चांगला मोबदला घेऊ नये असे युनियनचा माणूस कसे म्हणेल? पण पुढचे पाहा. १९९७ साली केरळात एफ.सी. कोचिन नावाचा मोठा गाजावाजा केलेला व्यावसायिक क्लब निघाला, विजयन त्यातही खेळला. काही वर्षांतच खेळाडूंचे पगार थकले आणि क्लब बुडाला. विजयन शेवटी पोलीस खात्यातच परत गेला आणि २०२५ साली अधिकारी म्हणून निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याला पद्मश्री मिळाली.

खाजगी संघ हा मालकाच्या मनावर चालतो. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० साली मालकांनी तो बंद केला. पंजाबची जे.सी.टी. ही १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारी. २०११ साली तीही मालकांनीच बंद केली. दोन्ही संघ मैदानावर हरून संपले नाहीत. ताळेबंदात बसले नाहीत म्हणून संपले. सरकारी खात्यांच्या संघांचे काय झाले? २०१३ साली एअर इंडिया आणि ओ.एन.जी.सी. हे मुंबईचे दोन संघ आय-लीगमधून बाहेर काढले गेले, कारण ते क्लब परवान्याच्या अटींत बसत नव्हते. १९२५ पूर्वीचा तो दोन देशी संघांचा नियम इथे आठवतो. त्या वेळी कातडीचा रंग आडवा आला होता, आता कंपनीचे कागद आले. नोकरी करून खेळणाऱ्याला देशाच्या वरच्या लीगचे दार तेव्हापासून जवळजवळ बंदच झाले.

या गोष्टी आपल्याकडेच घडतात असे नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल कॉलेजांमध्ये खेळतात आणि लहान कॉलेजांची तक्रार हीच आहे. तिथे २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. खेळाडूला मोबदला मिळाला हे योग्यच. इतकी वर्षे त्यांच्या जिवावर विद्यापीठांनी बक्कळ कमावले. पण लहान कॉलेजाने दोन वर्षे घडवलेला पोरगा तिसऱ्या वर्षी श्रीमंत कॉलेज उचलून नेते, हा त्याचा दुसरा भाग आहे. कोल्हापूरच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा यांचे सामने म्हणजे पेठेतल्या पोरांचा खेळ होता. बाहेरून, अगदी परदेशातूनही, पैसे देऊन खेळाडू आणायची प्रथा पडली तेव्हापासून लहान तालमींचे काय हाल आहेत ते तिथले लोक जाणतात.

कोलकात्यात अठ्ठावन्ननंतर चौथे नाव पुन्हा दिसायला एकसष्ट वर्षे गेली. २०१९ साली पियरलेस स्पोर्ट्स क्लबने लीग जिंकली. पियरलेस ही एका वित्त कंपनीची टीम, म्हणजे तीही तीन थोरांपैकी नव्हे, आणि त्यांच्या विजयाचा मला आनंदच झाला. त्यानंतर अजिंक्यपद पुन्हा मोहमेडनकडे आणि ईस्ट बेंगालकडे गेले. दरम्यान मोठे क्लबही पूर्वीचे उरलेले नाहीत. मोहन बागान गोएंका समूहाच्या हाती गेला, ईस्ट बेंगालने तर थोड्या वर्षांत तीन कंपन्यांचा हात धरला. जे क्लब कोलकात्याच्या मैदानावर बळी तो कान पिळी म्हणून वावरले त्यांचा कान आता दुसरेच पिळतात. २०२५ साली तर करारांच्या घोळात देशाची ती श्रीमंत लीग वेळेवर सुरूसुद्धा झाली नाही. कोलकात्याची जुनी लीग मात्र पावसाळ्यात रीतसर खेळली गेली.

मग आज एखादा रेल्वेचा संघ ती लीग जिंकू शकेल का? मला तसे वाटत नाही, आणि उगाच आशा दाखवण्यात अर्थ नाही. पैशातली दरी फार रुंद झाली आहे. पण लीग जिंकणे हीच एक कसोटी धरली तर आपण चुकीच्या जागी पाहतो. लहान संघ असतात म्हणून बारासत, चंदननगर, खडगपूरच्या गरीब पोराला पहिल्यांदा बूट मिळतात. आर्यन नसता तर पी. के. कुठे दिसले असते? जॉर्ज टेलिग्राफसारखे जुने क्लब वर्षानुवर्षे खेळाडू तयार करतात आणि मोठ्यांच्या हवाली करतात. त्याचा मोबदला त्यांना फारसा मिळत नाही. खात्याचा संघ त्या पोराला बुटाबरोबर नोकरीही देत होता. तिसाव्या वर्षी गुडघा गेला तरी तो पार्सल ऑफिसात बसून घर चालवू शकत होता. हे जे दुसरे दार आहे, ते बंद होऊ द्यायचे की नाही, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

ते बंद होत आहे याच्या खुणा स्पष्ट आहेत. भरतीच मंदावली की खेळाडूंची भरतीही आटते. कामे कंत्राटदाराकडे गेली की त्या कामांवरची पदे जातात, आणि कंत्राटदार खेळाडू ठेवत नाही. पोस्टातल्या बंधूंची स्थिती आणखी बिकट आहे. ज्या खात्याचा कणा ग्रामीण डाक सेवक आहे त्या सेवकाला आजही नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. तो धावण्यात राज्यात पहिला आला तरी त्याला सरावाची रजा कोण देणार? सायकलवरून रोज टपाल वाटतो तोच त्याचा सराव, असे एखादा अधिकारी म्हणाला तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि मैदाने. २०२१ साली सरकारने मालमत्तांपासून पैसा उभा करण्याची जी योजना जाहीर केली तीत रेल्वेची १५ स्टेडियमे होती. त्या वर्षी रेल लँड डेव्हलपमेंट अथॉरिटीकडे द्यायच्या म्हणून निघालेल्या यादीत कोलकात्यातले बेहाला होते, आपल्या मुंबईतले परळ होते, महालक्ष्मी होते. परळच्या मैदानावर वर्कशॉपच्या किती पिढ्या खेळल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्या जमिनीचा चौरस फुटाचा भाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. मैदान रिकामे दिसते म्हणून ते निरुपयोगी ठरवले जाते, आणि ते रिकामे का दिसते तर खेळाडूंची भरती थांबलेली असते. पुन्हा भरती थांबवायला कारण दाखवले जाते की मैदानच कुठे आहे?

म्हणून पुढच्या पी.एन.एम.साठी, आणि पोस्टाच्या बंधूंनी आपल्या जे.सी.एम.साठी, हे विषय घ्यावेत असे मी सुचवतो. स्पोर्ट्स कोट्याची दर वर्षाची मंजूर पदे आणि प्रत्यक्ष भरलेली पदे यांचा विभागवार आकडा लेखी मागावा. तोंडी उत्तर घेऊ नये. खेळाडूची जागा रोस्टरच्या वर धरावी आणि तो स्पर्धेला गेला की बदली माणूस द्यावा. आउट ऑफ टर्न प्रमोशनचे निकष आणि त्या वर्षी लाभ मिळालेल्यांची नावे सूचना फलकावर लागावीत. स्टाफ बेनिफिट फंडातला खेळाचा पैसा कुठे जातो, किती बूट आणि चेंडू आणि किती अधिकाऱ्यांच्या क्लबच्या खुर्च्या, हे समितीवरच्या आपल्या प्रतिनिधीने दर तिमाहीला शाखेला सांगावे.

शाखा सचिवांना एक काम आजच करता येईल. आपल्या विभागातल्या प्रत्येक रेल्वे मैदानाचे आणि इन्स्टिट्यूटचे नाव, अंदाजे क्षेत्रफळ, तिथे सध्या कोण खेळते, कुंपण आहे की पडले, आणि एखाद्या लग्नाच्या कंत्राटदाराला ते भाड्याने दिले जाते का, एवढी माहिती एका कागदावर लिहून मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावी. जमिनीची पुढची यादी निघेल तेव्हा आपल्या हातात आपली यादी असली पाहिजे. कागद साधा चालेल, अक्षर वाचता येईल असे असावे.